माक्षिकाच्या मुठीतलं सोनं

भोपाळच्या शिवाजी नगरातून निघून नर्मदा ओलांडली, इटारसी आणि बैतूल मागे टाकलं, की दोनशेहून थोड्या अधिक किलोमीटरांवर मुलताई लागतं. तापीचा उगम इथला. गावाचं नावही मूळतापीवरूनच आलेलं. हा भाग विदर्भाला खेटून आहे. बाजारात मराठी सहज कानी पडते आणि भोपाळच्या मराठी माणसाला तिथल्या कुंडाशी उभं राहिलं की आपला मुलूख जवळ आल्यासारखं वाटतं.

याच तापीनं आपल्या रसशास्त्राला एक शब्द दिला आहे : ताप्य. पारा, गंधक आणि अभ्रक घेऊन प्रयोग करणाऱ्या जुन्या रसवैद्यांना एक पिवळा, जड, चमकदार दगड ठाऊक होता. मधाचा रंग म्हणून त्याला माक्षिक म्हणत, आणि तापीकाठचा म्हणून ताप्य. पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९० साली छापलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात महारसांच्या यादीत माक्षिकाला मानाचं स्थान आहे. सोन्यासारखं दिसतं ते सुवर्णमाक्षिक, रुप्यासारखं दिसतं ते रौप्यमाक्षिक. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात सुवर्णमाक्षिक भस्म आजही मिळतं.

या दगडात सोन्याचा अंश असतो, अशी रसवैद्यांची धारणा होती. पण माक्षिक मुशीत घालून, भाता मारून त्याचं सत्त्व काढलं की हाती येतं ते तांब्यासारखं लालसर द्रव्य, हेही त्यांनीच नोंदवून ठेवलं. धारणा एक आणि अनुभव दुसरा असतानाही अनुभव लपवला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. माक्षिक म्हणजे लोखंड, तांबं आणि गंधक यांचं संयुग, हे आज आपल्याला माहीत आहे. बहुतेक ठिकाणी त्यात सोनं नसतं. पण काही ठिकाणी खरोखरच असतं, आणि इतक्या बारीक कणांत की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नये. गंधकानं मूठ आवळावी आणि सोनं आत राहावं, तसं ते अडकलेलं असतं.

ही मूठ उघडायला माणसाला फार काळ लागला. त्या खटपटीची गोष्ट मी भोपाळमध्ये बसून सांगतो आहे, त्यालाही कारण आहे. मूठ उघडली की सोन्याबरोबर आणखी बरंच काही खाली सांडतं. ते कुणाच्या अंगणात पडतं, हे विचारायला या शहरानं मला शिकवलं.

पाऊस आणि नदीनं उघडलेली मूठ

बालाघाट आणि मंडला भागातले सोनझारी पिढ्यान्‌पिढ्या नदीची वाळू लाकडी पाटीत घेऊन पाण्यात गोल फिरवत आले. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाते, जड कण तळाशी राहतात, आणि त्या काळ्या रेतीत कधी सोन्याची कणी चमकते. त्यांना ना भट्टी लागत होती ना तेजाब, कारण अवघड काम निसर्गानं लाखो वर्षं आधीच करून ठेवलेलं असे. हवा आणि पाणी खडकात शिरतं, गंधकाचं आम्ल होऊन ते वाहून जातं, लोखंडाचा तांबूस गंज मागे उरतो आणि सोनं मोकळं होतं.

जमिनीखालीही हेच घडतं, पण एका ठराविक खोलीपर्यंत. भूजलाच्या पातळीच्या वर खडक कुजलेला, गंजलेला असतो. त्यातलं सोनं दळून आणि धुऊन मिळतं. त्याच्या खाली मात्र ताजं, चकचकीत माक्षिक सुरू होतं. प्राचीन खाणकामगारांनी बहुतेक करून ही वरची, उघडी मूठच लुटली. रायचूर जिल्ह्यातलं हट्टी हे गाव पूर्वी निजामाच्या राज्यात होतं, आपल्या मराठवाड्याबरोबर. तिथल्या जुन्या खाणी जवळपास २०० मीटर खोल उतरलेल्या सापडल्या, आणि त्यातल्या लाकडांचं वय दोन हजार वर्षांच्या घरात निघालं. सुरुंगाची दारू नव्हती, पंप नव्हते. खडकाला आग लावून तो तापवायचा, तडकवायचा आणि छिन्नीनं काढायचा. दिव्याच्या उजेडात, धुरात, अशा रीतीनं माणसं २०० मीटर खाली गेली. ती कुठली, कुणाच्या चाकरीत होती, त्यांची नावं काय, यातलं काहीच लिहून ठेवलेलं नाही.

चांदीची वाट वेगळी. चांदी क्वचितच मोकळी सापडते. ती बहुधा शिशाच्या गंधकी दगडात मिसळलेली असते. इथे आपल्या पूर्वजांनी एक फार हुशार गोष्ट हेरली होती. दगड भाजून शिसं वितळवलं की चांदी शिशाबरोबर येते. मग ते शिसं हाडांच्या राखेच्या उथळ मुशीत ठेवून फुंकायचं. हवेनं शिशाचं वितळलेलं भस्म होऊन ते राखेत मुरतं, आणि वर चांदीचा लखलखीत थेंब उरतो. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त हिणकस चांदीत चौथा हिस्सा शिसं घालून ती शुद्ध करण्याचा विधी आहे. मेवाडात दरिबा आणि जावर इथे शिशा-जस्ताच्या दगडांवर शतकानुशतकं काम चाललं, आणि आज भारतात निघणारी वर्षाकाठी ७०० टनांच्या आसपासची चांदी मुख्यतः राजस्थानातल्या त्याच गंधकी पट्ट्यातून, शिसं आणि जस्त काढताना मिळते.

सोनं आणि चांदी एकमेकांपासून अलग करणं हा या विद्येचा शेवटचा धडा. तो आपल्या मराठी मुलखानं देशभर नेला. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी टापूतले गलाई कारागीर भारतातल्या असंख्य सराफ बाजारांत बसलेले आहेत. जुनं सोनं चांदीबरोबर आटवायचं, तेजाबात टाकायचं. चांदी आणि तांबं विरघळून जातं, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसतं, आणि टाकणखारासह मुशीत घातलं की पुन्हा पिवळं होऊन येतं. पाऊस न पडणाऱ्या गावांतून निघालेल्या या माणसांनी आगीवर आणि आम्लावर घरं उभी केली. पण त्यांच्या हाती येणारं सोनं दागिन्यातलं, म्हणजे आधीच एकदा खडकातून सुटलेलं असतं. खडकाची मूठ त्यांच्याही आधी कुणीतरी उघडलेली असते.

पेशव्यांच्या रुपयातली मेक्सिकोची चांदी

पुण्याचा अंकुशी रुपया, नाशिककडचा चांदवडी रुपया ही मराठेशाहीच्या व्यवहारातली नाणी. त्यांत वापरलेली चांदी बव्हंशी या देशातली नव्हतीच. सोळाव्या शतकापासून सुरतेच्या बंदरात परदेशी नाणी पेट्या भरभरून उतरत. ती टांकसाळीत आटवून त्यांचे रुपये पाडले जात. त्या चांदीचा उगम मेक्सिको आणि पेरूच्या डोंगरांत होता.

तिथेही अडचण तीच होती. वरचा मऊ, श्रीमंत थर लवकर संपला आणि खाली गंधकाला घट्ट बिलगलेली चांदी लागली. भट्टीत घालायला जंगलं पुरेनात. १५५० च्या दशकात सेव्हिलचा एक व्यापारी, बार्तोलोमे दे मेदिना, मेक्सिकोतल्या पाचुका गावी आला आणि त्यानं भट्टीशिवायची रीत बसवली. दगडाचं पीठ फरसबंद अंगणात पसरायचं, त्यात मीठ, पारा आणि भाजलेलं ताम्रमाक्षिक मिसळायचं, आणि माणसांना, पुढे खेचरांना, आठवडेच्या आठवडे त्यावरून फिरवायचं. उन्हात, चिखलात चांदी गंधकाचा हात सोडून पाऱ्याच्या अंगाला लागे. मग पारा आटवून उडवला की चांदी उरे.

आपल्या तापीकाठच्या ताप्याचाच भाईबंद तिकडे चांदी सोडवायच्या कामी आला, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. पण पाऱ्याची वाफ ज्यांच्या फुप्फुसांत गेली, ज्यांचे पाय त्या चिखलात सडले, ती माणसं पुण्याच्या पेठेत रुपया खणखणीत वाजवून घेणाऱ्या सावकाराला दिसणं शक्यच नव्हतं. धातू समुद्र ओलांडून येतो. त्याची झळ मात्र जिथे तो निघाला तिथेच राहते.

शहाजीराजांच्या जहागिरीखाली

१६३८ नंतर आदिलशाहीकडून शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली. कोलार तीतच होतं. म्हणजे हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत सोन्याच्या शिरेवर काही काळ भोसल्यांचा अंमल होता. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला, दक्षिणेतल्या जुन्या होनांच्या परंपरेला धरून. पण कोलारच्या जमिनीखालच्या गारगोटीत काय दडलं आहे, हे ना आदिलशाहीला ठाऊक होतं ना भोसल्यांना. गावकरी माती धुऊन कणभर सोनं मिळवत, तेवढंच.

टिपू पडल्यावर म्हैसूरच्या सीमांची मोजणी करायला आलेल्या जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याच्या कानावर १८०२ साली ही कुणकुण गेली. त्यानं बक्षीस जाहीर केलं. गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्यासमोर धुतली आणि पाटीच्या तळाशी सोनं दाखवलं. वॉरननं अहवाल लिहिला आणि तो विस्मृतीत गेला. जवळपास सत्तर वर्षांनी न्यूझीलंडच्या लढाया आटोपून बंगळूरला राहायला आलेल्या मायकेल लव्हेल नावाच्या आयरिश शिपायाच्या वाचनात तो आला. लव्हेल बैलगाडीनं कोलारला गेला, जुन्या खाणींची तोंडं पाहून आला, आणि १८७५ साली त्यानं म्हैसूर सरकारकडून खोदकामाचा परवाना मिळवला. त्याच्यापाशी चिकाटी होती, पैसा नव्हता. परवाना पुढे दुसऱ्यांच्या हाती गेला, आणि १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर आणि सन्स ही कंपनी यात उतरली.

सुरुवातीची वर्षं निराशेचीच. भागधारकांचा पैसा खड्ड्यात जात होता, सोनं लागत नव्हतं. म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीपाशी १३,००० पौंड उरले होते आणि गाशा गुंडाळावा असं बहुतेकांचं मत होतं. टेलरनं आग्रह धरून ते शेवटचे पैसेही खर्च करायला लावले. प्लमर या खाण-कप्तानानं नवीन जागा शोधण्याऐवजी जुन्या खणत्यांचाच माग काढला. प्राचीन लोक जिथे थांबले होते तिथून त्यानं पुढे खणायला सुरुवात केली, आणि १८८० च्या दशकाच्या मध्यावर त्याला चॅम्पियन शीर सापडली. विस्मृतीत गेलेल्या त्या माणसांची पारख बरोबर होती. पाणी आणि हवा यांनी त्यांना अडवलं होतं, ज्ञानानं नव्हे.

चॅम्पियन शिरेतलं सोनं मुख्यतः गारगोटीत, बरंचसं मोकळं होतं. लोखंडी मुसळांच्या रांगा रात्रंदिवस दगड कुटत. पिठाचा ओला लगदा पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहे आणि सोनं पाऱ्याला चिकटे. पण पत्र्यावरून पुढे वाहून गेलेल्या चोथ्यातही सोनं राहत होतं : काही अतिबारीक म्हणून, काही गंधकी कणांत अडकलेलं म्हणून. आणि याच पट्ट्याच्या पश्चिमेकडच्या शिरा तर उघडउघड गंधकी होत्या. तिथे पाऱ्याची मात्रा फारशी चालत नव्हती.

ग्लासगोचं तळघर

त्याच सुमाराला दूर दक्षिण आफ्रिकेत याच अडचणीनं एक अख्खं शहर हादरलं. १८८६ मध्ये जोहान्सबर्गजवळ सोनं सापडलं आणि माळरानावर रातोरात वस्ती उठली. तीन वर्षांत खाणी शंभर-सव्वाशे फुटांखाली गेल्या आणि गंजलेल्या तांबड्या दगडाच्या जागी निळसर, माक्षिकानं भरलेला दगड येऊ लागला. पाऱ्याच्या पत्र्यांवर सोनं लागेना. शेअर कोसळले, लोक सामान बांधू लागले.

उत्तर तोवर तयार झालेलं होतं. ग्लासगोतला रसायनतज्ज्ञ जॉन स्ट्युअर्ट मॅकार्थर आणि रॉबर्ट व विल्यम फॉरेस्ट हे दोघे डॉक्टर भाऊ यांनी दवाखान्याच्या तळघरात प्रयोग करून ऑक्टोबर १८८७ मध्ये एक पेटंट घेतलं होतं. सोडियम किंवा पोटॅशियम सायनाइडचं अगदी पातळ पाणी दगडाच्या पिठातून झिरपू द्यायचं. हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं सायनाइड सोन्याला विरघळवतं. मग ते पाणी जस्ताच्या कातरणांवरून सोडलं की सोनं काळ्या चिखलासारखं जस्तावर बसतं. सायनाइडमध्ये सोनं विरघळतं ही गोष्ट नवीन नव्हती. एल्किंग्टन कंपनी १८४० पासून त्याच जोरावर चमच्यांना आणि ताटांना मुलामा देत होती. पण टनामागे काही ग्रॅम सोनं असलेल्या दगडावर ते चालेल, ही नजर मॅकार्थरची. १८८९ मध्ये न्यूझीलंडच्या करांगाहाके इथे ही रीत प्रथम व्यापारी प्रमाणावर वापरली गेली आणि पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गला पोचली. दहापैकी नऊ हिस्से सोनं हाती येऊ लागलं. ट्रान्सवालच्या न्यायालयानं १८९६ मध्ये पेटंट रद्द ठरवलं, आणि ही विद्या सगळ्यांना मोकळी झाली.

कोलारला सायनाइड १८९० च्या दशकात आलं. आधी वाया गेलेला चोथा पुन्हा हौदांत घालून त्यातून सोनं काढता येऊ लागलं. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्राच्या धबधब्यावर तयार झालेली वीज जवळपास १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून खाणीत पोचली. दिवाण शेषाद्री अय्यरांनी या योजनेच्या पाठीशी उभं राहून ती मार्गी लावली होती. बंगळूर शहराच्या आधी वीज या खाणींना मिळाली. गंमत अशी की त्याच म्हैसूर राज्यात १९०५ साली शामशास्त्रींच्या हाती कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची पोथी लागली. शिशानं चांदी शुद्ध करण्याचा तो दोन हजार वर्षांपूर्वीचा विधी आणि सायनाइडचे हौद एकाच राज्यात, थोड्याच वर्षांच्या अंतरानं उजेडात आले.

खाण खोल होत गेली, ३ किलोमीटरांच्याही खाली. तिथे खडक इतका तापलेला असे की थंड हवा खाली सोडावी लागे, आणि दाबानं खडकाचे स्फोट होत. खाली उतरणारे बहुतेक कामगार तमिळ मुलखातल्या दलित वस्त्यांतून आलेले. गारगोटीची धूळ त्यांच्या फुप्फुसांत साचत गेली. १९४० च्या दशकात झालेल्या तपासणीत पाहिलेल्या कामगारांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. जवळपास १२० वर्षांत कोलारनं सुमारे ८०० टन सोनं दिलं. १९५६ मध्ये म्हैसूर सरकारनं खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये केंद्राकडे गेल्या, आणि २८ फेब्रुवारी २००१ ला त्या बंद झाल्या.

सोनं गेलं, चोथा राहिला. गावाभोवती राखाडी पांढऱ्या पिठाचे १३ डोंगर आहेत, ३ कोटी टनांहून जास्त. लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. वारा सुटला की ते पीठ घरांत येतं, भांड्यांवर बसतं. त्यात अजून थोडं सोनं आहे म्हणून २०२४ साली कर्नाटक सरकारनं ते पुन्हा उपसायला मंजुरी दिली.

भाजलेल्या दगडाचा धूर

सायनाइडपुढेही एक प्रकारचा दगड हार मानत नाही. जिथे सोनं माक्षिकाच्या किंवा सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या दगडाच्या पार आत, सूक्ष्म कणांत विखुरलेलं असतं तिथे सायनाइडचं पाणी पोचतच नाही. असा दगड आधी भाजावा लागतो. गंधक धूर होऊन जातो, सोमल वाफ होऊन जातं, आणि मागे सच्छिद्र, लाल भुगा उरतो. आता सायनाइड आत शिरू शकतं. मूठ उघडली.

पण धूर कुठे गेला? कॅनडातल्या यलोनाइफ गावाजवळच्या जायंट खाणीनं याचं उत्तर साऱ्या जगापुढे ठेवलं आहे. १९४९ पासून १९९९ पर्यंत तिथे असा दगड भाजला गेला. पहिल्या काही वर्षांत सोमलाची भुकटी धुराड्यातून सरळ बर्फावर पडे. ते बर्फ वितळवून पिणाऱ्या डेने आदिवासींच्या वस्तीत १९५१ साली एक लहान मूल विषबाधेनं गेलं. नंतर भुकटी पकडून रिकाम्या खाणीत भरली गेली. आज तिथे जमिनीखाली २,३७,००० टन सोमल आहे. ते पाण्यात विरघळतं, म्हणून भोवतीची जमीनच गोठवून ठेवण्याचं काम चालू आहे. किती वर्षं? कायमचा उपाय सापडेपर्यंत. सोनं पन्नास वर्षांत निघालं. पहाऱ्याचा शेवट अजून दिसत नाही.

हायपोची बाटली

सोडियम थायोसल्फेट हे साधं, पांढरं, स्वस्त मीठ. फोटो धुणारे त्याला हायपो म्हणत. एकोणिसाव्या शतकात चांदीचा दगड मिठासह भाजून नंतर हायपोच्या पाण्यानं चांदी विरघळवण्याची रीत युरोपात निघाली, आणि काही काळ ती चांगली चालली. मग सायनाइड आलं आणि हायपो खाणीतून बाजूला पडला.

भोपाळनं त्याचं नाव वेगळ्याच कारणानं ऐकलं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरलं. मृतांच्या आणि आजाऱ्यांच्या शरीरात सायनाइडचाही परिणाम आहे का, यावर वाद पेटला. थायोसल्फेट हा सायनाइडवरचा जुना उतारा. शरीरातल्या सायनाइडला तो निरुपद्रवी रूपात बदलतो आणि लघवीवाटे बाहेर काढतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं १९८५ मध्ये या इंजेक्शनांची शिफारस केली. ती किती जणांना मिळाली, कुणी रोखली, यावर या शहरात आंदोलनं झाली. उपचारासाठीही इथे झगडावं लागलं.

कारखाना बंद झाला तरी त्याचा चोथा आवारातच पडून राहिला. जानेवारी २०२५ च्या पहिल्या रात्री, ४० वर्षांनंतर, ३३७ टन विषारी कचरा १२ कंटेनरांतून पीथमपूरला निघाला. तिथल्या लोकांनी विचारलं : भोपाळचं विष आमच्या दारात का? त्यांचा प्रश्न खोटा कसा म्हणायचा?

आणि याच चाळीस वर्षांत हायपो काही काळ खाणीत परतला. अमेरिकेतल्या नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक खाणीत २०१४ पासून काही वर्षं एका प्रकारच्या चिवट दगडातलं सोनं सायनाइडऐवजी थायोसल्फेटनं काढलं गेलं. भाजण्यालाही पर्याय निघाले. मोठ्या दाबाच्या बंद भांड्यांत ऑक्सिजन सोडून गंधक काढता येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून जिवाणूंना हे काम दिलं गेलं. गंधक आणि लोखंड हेच त्यांचं अन्न. हौदात ते चार-पाच दिवसांत माक्षिक पोखरून सोनं मोकळं करतात, आणि सोमल हवेत जाण्याऐवजी लोखंडाशी बांधलं जाऊन घट्ट गाळ होतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनीही कर्नाटकातल्या गंधकी दगडांवर असे प्रयोग केले. पाऊस आणि नदी लाखो वर्षं घेतात ते काम हे जिवाणू आठवड्याभरात उरकतात. सोनझाऱ्याच्या पाटीशी या हौदाचं नातं आहे.

आता आपल्या अंगणात

मध्य प्रदेशात तांब्याचं माक्षिक मोठ्या प्रमाणावर निघतं ते बालाघाट जिल्ह्यातल्या मलांजखंडला, गोंदियापासून फार दूर नाही. १९८२ मध्ये ही खाण राष्ट्राला अर्पण झाली. तांबं विजेनं शुद्ध करताना तळाशी जो काळा गाळ बसतो, त्यात त्या दगडातलं सोनं-रुपं एकवटतं. रसवैद्यांनी मुशीत पाहिलेलं लाल सत्त्व आणि त्यांनी कल्पिलेला सोन्याचा अंश, दोन्ही शेवटी एकाच दगडातून निघाले. त्यांची धारणाही खोटी नव्हती, अनुभवही खोटा नव्हता.

आता कटनी जिल्ह्यातल्या इमलिया आणि सिंगरौली जिल्ह्यातल्या चकारिया या सोन्याच्या क्षेत्रांचे लिलाव झाले आहेत. वरचा गंजलेला थर कुठेही फार दिवस पुरत नाही. हट्टीला नाही पुरला, जोहान्सबर्गला नाही पुरला. खाली माक्षिक लागणार, आणि ते भाजायचं, दाबात शिजवायचं की जिवाणूंना द्यायचं, हा निर्णय घ्यावा लागणार. परवान्यांच्या फायली भोपाळच्याच सरकारी कचेऱ्यांतून फिरतात, शिवाजी नगरापासून काही किलोमीटरांच्या आत.

त्या फायलींत टनामागे किती ग्रॅम सोनं आणि राज्याला किती महसूल हे आकडे पहिल्या पानावर असतील. माझं मागणं एवढंच आहे की चोथ्याचा आकडाही त्याच पानावर असावा : किती टन, कुठे ठेवणार, कोण राखणार, आणि कंपनी निघून गेल्यावर पन्नासाव्या वर्षी त्याच्या राखणीचे पैसे कोण देणार. कोलारच्या घरांत भांड्यांवर बसणारं पीठ, यलोनाइफचं गोठवलेलं सोमल आणि आपल्या शहरातून चाळीस वर्षांनी निघालेले ते १२ कंटेनर, तिन्ही ठिकाणी हा आकडा शेवटच्या पानावर ढकलला गेला होता.